स्पीकरला डोळे नसतात

रिफ्फातल्या या घरी आमच्याआधी कुणी येऊन गेलं होतं,
नुसत्या जिप्समला चार स्क्रू मारून, पैसे घेऊन.
सहा किलोचा स्पीकर अठरा दिवस टिकला,
एकोणिसाव्या दिवशी, ऐन अस्रच्या वेळी
खाली आला सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यावर,
जिथं उम राशिद नमाज झाली की चहा घेऊन बसायच्या.
त्या दिवशी त्यांनी नमाज जरा लांबवली होती.

तेव्हापासून त्या कोपऱ्यात कुणी बसत नाही.
फाटलेल्या कापडाची चोच तेवढी उघडी.

मी शिडी लावतो. टेकबहादूर खालून धरतो.
आधी नुसत्या बोटांनी ठोकून बघतो,
जसं आमच्याकडे शहाळं ठोकतात,
पाणी की मलई.
ठक ठक. पोकळ.
ठक ठक. पोकळ.
हे छत नव्हेच, छताचं सोंग.
खरं छत त्याच्यावर हातभर अंधारात,
मधल्या जागेत एसीचं धूड, थंड पाण्याचे पाईप,
वायरींचा गुंता
आणि कुणा गवंड्याचा विसरलेला हातमोजा, डाव्या हाताचा.
तो मी तिथंच राहू देतो.

मग अर्धा रबरी चेंडू ड्रिलच्या गळ्यात,
म्हणजे धूळ डोळ्यांत येत नाही.
पाईप कुठून गेलाय ते यंत्र हुंगत हुंगत सांगतं,
तिथून वीतभर लांब पेन्सिलीची फुली,
फुलीवर भोक, दोन इंच, वर केसभरही नाही.
प्लास्टिकचा गट्टू भिंतीला ठीक.
छताला लोखंडी अँकर लागतो,
ओढाल तितका आत फुगून बसणारा
(माझ्या सासऱ्यांचा स्वभाव).
हुकाला पहिल्यांदा मी लोंबकळतो.
एकाहत्तर किलो.
टेकबहादूर साठपर्यंत मोजतो, नेपाळीत,
चाळीसनंतर मुद्दाम सावकाश.

"अश्फाकभाई, फिरसे गिरेगा?"
राशिद विचारतो. सात वर्षांचा,
हिंदी सगळं सिनेमातलं.
मी सांगतो त्याला, गुहागरला आमच्या दारात चौदा माड.
लोक म्हणतात, नारळाला डोळे असतात,
तो बघून पडतो, माणसाच्या डोक्यात कधीच नाही.
"सच?"
सच.
तरी अब्बा दर दोन महिन्यांनी पाडेल्याला बोलावायचे,
आणि त्याचं काम होईस्तोवर
आम्हाला पडवीतून उतरू द्यायचे नाहीत.

आणि स्पीकरला तर डोळेही नसतात.

म्हणून दुसरी तार.
स्टीलची, उदबत्तीच्या काडीएवढी,
वेगळ्या अँकरला, वेगळ्या भोकात.
ती काहीच उचलत नाही.
जराशी ढिली, जन्मभर तशीच.
बिलात तिची ओळ नाही.
सुपरवायझर म्हणतो, अडीच दिनार कशाला वाया?
मी म्हणतो, वाया जावेत म्हणूनच.

संध्याकाळी आवाज लावून बघितला.
एक हेलिकॉप्टर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलं,
राशिद त्याच्यामागे धावला,
झुंबराचे लोलक किणकिणले, स्पीकर हलला नाही.
"खलास?" उम राशिदनी विचारलं.
"खलास. माफी मुश्किल."
त्या बराच वेळ मान वर करून बघत राहिल्या.
मग चहाचा कप आणला
आणि डाव्या कोपऱ्यात बसल्या,
आधी अगदी कडेला.

रात्री सलमाबादच्या खोलीत
माझं छत म्हणजे टेकबहादूरची फळी.
तो वर चढला की ती करकरते,
पायथ्याचा एक बोल्ट गेले कित्येक महिने नाही.
खिशात आज हातभर तार उरली होती.
फळीखालून घेतली, दोन्हीकडच्या पाइपाला
मुरकी मारून बांधली, जराशी ढिली.

"क्या कर रहा है नीचे?"
कुछ नहीं. सो जा.

दिवा घालवल्यावर सवयीनं बोटांनी फळी ठोकली.
ठक ठक.
वरून उत्तर आलं, झोपेतलं,
ठक.